तिसरा शनिवार

व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर, घाटला गावात,
दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी
मी बागेच्या रचनेवर व्याख्यानं ठेवते.
जिना लोखंडी. चपला खाली.
मारुतीच्या तसबिरीला रुईच्या पानांचा हार, एवढंच भाडं.
खुर्च्या चाळीस, माणसं अकरा, कधी चौदा.
वडे असतील तर बावीस.

खाली पोरं डंबेल्स आपटतात.
वक्ता म्हणतो, "बागेत पहिली हवी ती शांतता..."
आणि जमीन धप्पकन होकार देते.

एक गृहस्थ आले होते जपानी बागेतले दगड घेऊन,
म्हणजे दगडांचे फोटो, एकशे बारा.
तेहेतिसाव्या दगडाला प्रोजेक्टर तापून बंद पडला
आणि कुणी दुरुस्त करा म्हणालं नाही.
एक बाई कर्जतहून आल्या.
त्यांनी विचारलं, "इथं लॉन कुणाकुणाचं आहे?"
गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे आम्ही खाली बघत बसलो.
शेवटी मिनेझिसबाईंनी हात वर केला,
त्यांच्या विहिरीच्या कठड्यावर
उगवतं म्हणे थोडंसं.

या वेळी सुलक्षणा वेर्णेकर.
आभाराचं भाषण माझ्या पर्समध्ये तयार होतं,
"मौलिक मार्गदर्शन" वगैरे,
दर वेळी फक्त नाव खोडायचं.
त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही.
म्हणाल्या, कागद घ्या, आपापली जागा काढा.
मापासकट.

खसखस पिकली. मग पेनं शोधाशोध.
कुणी वितीनं आठवलं, कुणी फरशा मोजून,
एकानं घरी फोन लावून बायकोला उठवलं झोपेतून.

पागधरे मागच्या रांगेत बसतात.
रिफायनरीतले निवृत्त फिटर. मला वाटायचं, चहासाठी येतात.
त्यांच्या कागदावर सगळं होतं:
ग्रिल पाच फूट दोन इंच, बाहेर दीड फूट.
ऊन सव्वाआठ ते दहा-पाच, पुढं समोरचा टॉवर.
डावीकडे ओवा, गवती चहा,
आणि एक, "नाव ठाऊक नाही, पण जगतंय."
मधोमध रिकामा चौकोन.

वेर्णेकर वाकल्या. "इथं काय लावणार?"
"काही नाही."
"ऊन तर इथंच जास्त."
"असू दे. तिथं ही कोपरं टेकते.
दुसऱ्या मजल्यावरून बोंबील घेते, टोपली सोडून.
दोरीला वेल आडवा यायला नको.
आणि भाव करायचा तर माणसाला ऐसपैस लागतं."

हसलो सगळे. खाली काहीतरी जड पडलं.
वेर्णेकर हसल्या नाहीत.
पेन्सिल मागून घेतली, त्या चौकोनाभोवती
सावकाश एक रेघ मारली
आणि म्हणाल्या, "इथून सुरुवात करा सगळ्यांनी."

आम्ही आपापले कागद पुन्हा पाहिले.
माणूस कुणीच काढला नव्हता.
मी काढल्या होत्या सतरा कुंड्या,
आणि त्यांच्यामुळे गॅलरीचं दार अर्धंच उघडतं
ते मात्र नकाशात पूर्ण उघडं दाखवलं होतं.

आभार राहूनच गेले.
मिनेझिसबाईंच्या फुगिया संपवून लोक जिना उतरले,
खुर्च्या मी आणि पागधरेंनी रचल्या.

रात्री चार कुंड्या हलवल्या.
पाचवीचं मूळ तळातून निघून फरशीच्या फटीत शिरलेलं,
तिला म्हटलं, राहा बाई.
उरलेल्या जागेत कोपरं टेकून पाहिली. कठडा गार.
समोर विशेष काही नाही: मोनोरेलचा खांब,
त्यावर कुणाच्या तरी लग्नाचं फाटकं पोस्टर,
खालून कुणीतरी तळत असलेल्या मांदेलीचा वास.
अकरा वर्षं राहतेय इथं.
पाय दुखेपर्यंत उभी राहिले.

सोमवारी फळ्यावर खडूनं लिहिलं:
पुढील व्याख्यान. वक्ते: श्री. पागधरे.
ते आले, वाचलं, रुमालानं पुसलं.
"मी नाही बोलणार. ग्रिल माझं, जागा तिची."

पुन्हा लिहिलं.
वक्त्या: सौ. यमुना पागधरे.
विषय: त्या आल्यावर सांगतील.
मोजपट्टी आणावी.
वडे आहेत.