लाल बटण

लकडगंजात मे महिन्यातल्या दुपारी
व्होल्टेज एकशे सत्तरच्या वर चढत नाही;
अख्खी गल्ली कूलर लावून बसलेली.
म्हणून आरा रात्री उघडला,
अकरानंतर, मीटरनं दोनशे पंधरा दाखवल्यावर.

तक्रार साधी: बटण दाबलं की हुंकारतो, फिरत नाही.
फळीच्या तुकड्यानं पात्याला ढोसलं
तर पळतो, दावं तुटलेल्या गोऱ्ह्यासारखा.
म्हणजे करंट आहे, पहिला धक्का नाही.
होल्डरला बल्ब लावून पाहिलं: फेज ठीक, न्यूट्रल ठीक.
कपॅसिटर फुगलेला.
नवा घातला, एकशे ऐंशी रुपयांचा.
तरी हुं हुं हुं.
गुणवंता म्हणाला, "गेली बे मोटर, भंगारात टाक."

मागचं झाकण काढलं.
आत सागाचा भुसा, बिजाचा भुसा,
तीस वर्षांचा, तेलात मळून काळा झालेला,
आणि त्याखाली कॉन्टॅक्टचे दोन ठिपके,
एकमेकांना शिवायचे राहून गेलेले.
झिरोचा पॉलिश पेपर, पेट्रोलचा बोळा, दहा मिनिटं.

आरा बोलला.
लाल बटण दाबलं.
आरा बोलतच राहिला.

पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईस्तोवर.
शेवटी भिंतीपर्यंत गेलो, मेन खाली ओढला.
सात पावलं.

स्टार्टरच्या आत एक तांबडी वायर, वीतभर,
बंदच्या बटणाला वळसा घालून गेलेली.
टोकांना कापडी टेप,
टेपवर दोऱ्याची गाठ: दोनदा आतून, एकदा वरून.
संक्रांतीला बाबा माझ्या पतंगाला
हीच गाठ मारायचे.

दिवाळीआधीची ऑर्डर असेल.
बटणात भुसा जाऊन आरा मधेच थांबत असेल, फळी अर्धीच.
उद्या काढू म्हटलं असेल.

मंसाराम नेवारेबद्दल बाबा एवढंच सांगत:
"झोपेत होता थो. ध्यान नव्हतं त्याचं."
मंसाराम काहीच सांगत नाही.
इतवारी स्टेशनच्या सायकल स्टँडवर
उरलेल्या तीन बोटांनी चिठ्ठी फाडतो,
माझ्याकडून पैसे घेत नाही,
"मालकाचा पोरगा" म्हणतो.

गाठ नखानं सुटेना, दातानं सोडवली.
बाबांना जाऊन चार वर्षं झाली,
टेपला अजून डांबराची चव.

नवं बटण बसवलं.
हिरवं दाबलं, सुरू. लाल दाबलं, बंद.
हिरवं. लाल. हिरवं. लाल.
गुणवंता जांभई देत म्हणाला,
"चालू करून राहिला का बंद करून राहिला बे?"

वायर खिशात आहे.
स्टँड सकाळी सहाला उघडतो.
काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही;
चिठ्ठीचे पाच रुपये तेवढे
सुटे घेऊन ठेवलेत.