चूक नवीन आहे

एकोणिसावं पातंही नापास.
वाळूजच्या आमच्या तपासणी-खोलीत
मी गेज खाली ठेवलं, चष्मा पुसला,
लाल पेन उचललं.

अंगठ्याहून थोडं लांब, एवढंच ते.
लढाऊ विमानाच्या इंजिनात फिरायचंय त्याला,
अशा आगीत, की जिच्यात त्याचाच धातू
पाणी होऊन जायला पाहिजे.
होत नाही, कारण पोटातल्या बारीक भोकांतून
गार वारा खेळवलेला असतो.
तो गारसुद्धा सहाशे अंशांचा.
आमच्याकडे मे महिन्यात असतो तसा.

दिल्लीहून साहेब आले होते हिशेब बघायला.
सभ्य माणूस, चहा बिनसाखरेचा.
म्हणाले, एकोणीस? आणि एकही नाही?
अहो, हे बाहेर विकत मिळतं ना?

मिळतं की.
वरातीला घोडाही भाड्यानं मिळतो.
नवरदेव वर बसतो, तुरा हलतो, फोटो निघतो,
लगाम मात्र घोडेवाल्याच्या मुठीत.
माझा भाचा बिभीषण हवाई दलात फिटर आहे.
एका वॉशरसाठी सात महिने
विमान ताडपत्रीखाली उभं बघितलंय त्यानं.
कुठल्यातरी देशात कुणाचंतरी बिनसलं होतं.
सील तोडून आत बघायची परवानगी नाही.
तो रोज टायरमधली हवा तपासायचा.
तेवढीच आपली होती.

अझहरभाई ग्राइंडरवरून बोलले,
"कामून एवढा पैसा? आमच्या गल्लीत
नळ आठव्या दिवशी येतो, तोही रात्री तीनला."
त्यांचं खोटं नाही.
माझ्याही गच्चीवर तीन टाक्या आहेत.
विमान पाणी देत नाही.

पण बोअरचं मला माहीत आहे.
गंगापूरला, सासुरवाडीत,
चारशे वीस फुटांवर पैसे संपले, मशीन गेलं.
पुढच्या वर्षी नवं मशीन, नवी जागा, नवा नारळ,
परत चारशे वीस.
पाच वर्षांत एकवीसशे फूट खोदलं आम्ही
आणि पाचशेवर काय आहे
ते अजून कुणालाच ठाऊक नाही.
साहेब, तुमच्या फायलीतही असंच चाललंय.
दोन वर्षं पैसा, दीड वर्ष खुलासा,
तोवर शिकलेला हात निघून जातो
आणि नवा हात पहिल्या पात्यापासून सुरू करतो.

आमच्या मालकांना नावं ठेवत नाही मी.
ते स्कूटरचे पार्ट विकतात, सात तारखेला पगार करतात.
वीस वर्षांनी धरणारी कोय
त्यांनी कुठल्या जिवावर लावायची?
सरकारनं लावावी.
सरकार बदलतं, मरत नाही.

दौलताबादच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे.
सहलीची पोरं तिच्यावर हात ठेवतात,
उन्हानं चटका बसतो, हसतात.
ती ओतणाऱ्याला कुणीतरी किती वर्षं पोसलं असेल,
त्याआधी किती तोफा साच्यातच फुटल्या असतील,
कोण सांगणार?
तोफ राहिली. कसब त्याच्याबरोबर गेलं.

हे सगळं मी साहेबांना बोललो नाही.
बोललो त्यातलं निम्मं, तेही अडखळत.
त्यांनी मान हलवली, वही मिटली.

त्यांची गाडी चिकलठाण्याकडे, विमानतळाकडे वळली
आणि मृदुला कुंटूरकर, आमची नांदेडची धातूवाली,
सूक्ष्मदर्शकावर वाकल्या वाकल्या ओरडली,
"काका, इकडं या!"
अठरा पाती मुळाशी तडकली होती.
हे टोकाला तडकलंय.
म्हणजे मुळाचं कोडं सुटलं.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
नापास. चूक नवीन आहे.

अझहरभाई विसावं पातं बसवायला लागले होते.
डोळे लाल.
रात्री तीनला पाणी आलं होतं.