आधीची ओळ

हडर्सफील्डच्या तरणतलावाचं काम माझ्याकडे आलं
तेव्हा चोवीस जागांना एकसष्ट नावं होती.
साठीपुढच्यांचा पोहण्याचा वर्ग, मंगळवारी सकाळी, फुकट.
ब्रेंडा सटक्लिफ म्हणाली, यात माणसं किती आणि भुतं किती
तेवढं शोधून दे, बाई.

ट्रेव्हर हर्स्ट पाच वेळा होते.
बटण दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं,
लिफ्टचं दाबतो तसं.
त्यांचा काय दोष? फॉर्मने हूं की चूं केलं नव्हतं.
मी बटणाला शिकवलं:
एकदा दाबलं की मान खाली घालायची
आणि म्हणायचं, थांबा, लिहून घेतेय.

मग बाकीची निवडणटिपण.
ईमेलच्या शेपटाला चिकटलेली रिकामी जागा,
आपल्याला दिसत नाही, यंत्राला तेवढ्यावरून माणूस परका वाटतो.
मोठी अक्षरं, छोटी अक्षरं,
फोनच्या आधीचा शून्य, कुणाचं अधिक चव्वेचाळीस.
सगळं सुपात घेऊन पाखडलं.
दारावर एक पहारेकरी बसवला,
‘तुमचं नाव आधीच आहे’ म्हणणारा,
आणि दुसरा आत, थेट तक्त्याच्या उंबऱ्यावर,
कारण दोघं एकाच क्षणी आले
तर दारावरचा दोघांनाही सोडतो.
तो वही बघतो तेव्हा वहीत कुणीच नसतं.

एकसष्टची एकोणचाळीस झाली
आणि तिथे गाडं अडलं.

फोन एक. जन्मतारीख एक. पत्ता माझा.
११:४२ द्वारका बाबू मगदूम
११:४४ सुलभा आनंदा चौगुले

आई भेंडी चिरत होती. लॅपटॉप तिच्यापुढे धरला.
हे काय?
बरोबर आहे की.
अगं, दोन जागा कशाला?
विळी थांबली नाही.

‘एक तिची. ती पोहायची.
मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून,
मग भोपळ्याशिवाय, मग थेट मोटेच्या धावेवरून उडी.
भाऊ हरायचे.
तांदळात अंगठीने नाव लिहिलं, त्यानंतर ती पाण्यात गेली नाही.
सुलभा तर कधीच गेली नाही.
तिला येत नाही. तिला शिकायचंय.’

वेटिंगला चौदा जण आहेत, आई.

‘मग पूस एक. कुठली ते तू बघ,
यंत्र तुझं आहे.’

मला काही बघावं लागलं नाही.
आधीची ओळ ठेवायची, नंतरची काढायची,
हा नियम मीच लिहिला होता सोमवारी, ट्रेव्हरसाठी.
बटण दाबलं.
दोन मिनिटं उशिरा आलेली सुलभा आनंदा चौगुले,
रेशनकार्डावरची, पासपोर्टावरची,
माझ्या शाळेच्या दाखल्यात ‘आईचे नाव’पुढची,
गेली.
बटणाने मान खाली घातली.

मंगळवार. क्लोरीनचा वास, काचांवर वाफ,
आईच्या डोक्यावर जांभळी रबरी टोपी.
ब्रेंडा यादी वाचत होती.
हर्स्ट, ट्रेव्हर. एकदाच.
मग अडखळली: ड्वाका? ड्वाका मॅग्डम?

कुणी बोललं नाही.
मीच हात वर करणार होते.
आईने मागे वळून पाहिलं,
कुणी यायचं राहिलंय का बघावं तसं,
आणि म्हणाली, ‘हजर.’
मराठीत. चौथीतल्या मुलीच्या आवाजात.

ब्रेंडाने नावापुढे खूण केली.
मी पायऱ्यांवर बसून उडीची वाट बघत राहिले.
शिडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून,
एकेक पायरी चाचपत,
पाण्यात उतरली ती मात्र सुलभा.