पाहुण्यांची यादी

सवयीनं दोन घेतल्या.
दुकानातली पोरगी म्हणाली, एकच ना?
म्हटलं, दोन. एक माझी, एक नॉर्मनची.
गोदीत होतो तेव्हापासूनचं आहे हे.
शुक्रवारी पगार झाला की पूल ओलांडून यायचं,
बोटांना वेल्डिंगचा वास,
आणि टॅलन्टायरची नवी तबकडी आली असेल
तर दोघांनी दोन घ्यायच्या.
उसनवारीत दोस्ती नासते, नॉर्मन म्हणायचा.

गोदी गेली. पूल आहे.
टॅलन्टायर एकोणऐंशीचा झालाय
आणि मुखपृष्ठावर त्याचे दात
त्याच्या गिटारपेक्षा जास्त चकाकतात.

मागच्या बाजूला पाहुण्यांची यादी.
अकरा गाणी, चौदा पाहुणे.
एक मुलगी, जिच्या जन्माच्या वेळी
माझे पेन्शनचे कागद फिरत होते.
एक चेलोवाला, नावाआधी सर.
एक भरभर बोलणारा, त्याचं मला
शब्द न शब्द ऐकू आलं, कळलं नाही.

वाईट यात कुणीच नाही. तेच लागतं.
वाईट असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.
मुलीचा गळा गोड आहे,
चेलो रडतो तेव्हा खरंच रडतो,
पण पंगत एवढी मोठी बसलीय
की घरधनीच वाढपी झालाय.
वाकून वाकून विचारतोय,
तुम्हाला अजून काही हवं का?
आणि मी उंबऱ्यात उभा, टाचा उंचावून,
एवढ्या डोक्यांमधून
त्याचं डोकं शोधतोय.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात, कोळशाच्या संपात,
सभागृहातली वीज गेली होती.
ऐन गाण्याच्या मध्यावर ढोलवाला एकटाच उरला
आणि तोही थांबला.
टॅलन्टायर मंचाच्या कडेला येऊन बसला, पाय खाली सोडून,
आणि मुक्या गिटारवर
तेच गाणं जिथं तुटलं तिथून पुढं वाजवू लागला.
सहाशे माणसं. निम्मी प्यायलेली.
कुणी खोकलं नाही.
तारेवरून बोट सरकताना होते ती चिरचिर,
ती मागच्या रांगेपर्यंत आली.
नॉर्मननं माझा दंड धरला होता,
दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं.

हल्ली ती चिरचिर पुसून टाकतात म्हणे.
भाचा सांगत होता, यंत्रावर दिसते,
केसासारखी बारीक रेघ. उचलायची, फेकायची.

चार दिवस मी मनात त्याला पत्र लिहितोय.
मायना जमतो. पुढं येत नाही.
काय लिहू? की एकट्यानं बस?
एकोणऐंशीव्या वर्षी माणसानं
एकट्यानं का बसावं?
मी तरी कुठं बसतोय,
दर मंगळवारी बस धरून जातोच की
रोकरला, समुद्राकडच्या त्या आश्रमात,
जिथं नॉर्मन मला टेड म्हणतो.
टेड त्याचा भाऊ. बुडून मेलेला.
मी ओ देतो.

या मंगळवारी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले,
एक कप्पा माझ्या कानाला, गालाला गाल लागेल इतके जवळ.
मुलगी गायली. त्यानं खिडकीबाहेर बघितलं.
सर रडले. त्यानं पांघरुणाचा दोरा ओढला.
चौथ्या गाण्यात, पोरगा बोलायला सुरुवात करतो
त्याच्या जरा आधी,
पुसायची राहून गेलेली
एक चिरचिर.

मला वाटलं, मलाच भास झाला.
पण दंडावर त्याची बोटं होती.

मग तो पोरगा बोलू लागला.
नॉर्मननं बोटं काढली, म्हणाला,
टेड, यांना म्हणावं हळू बोला,
आणि चहा झाला का बघ.

पावती अजून खिशात आहे.
दोन्हीही परत घेतील, पोरगी म्हणाली होती,
चौदा दिवसांच्या आत.