मीठ सोडू नका

वागळे इस्टेटला, सोळा नंबरच्या रस्त्यावर
आमची शेड. नावाची पाटी नाही, नुसतं लाल अक्षरांत
"विडी-काडी गेटवर ठेवा".
आत मेलेल्या बॅटऱ्या येतात,
स्कूटरच्या, रिक्षाच्या, एकदा पुरात बुडालेल्या अख्ख्या बसच्या.
मेलेल्या म्हणायचं; आत थोडी धुगधुगी असतेच,
म्हणून आधी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या.
दोन दिवस बुडबुडे येत राहतात.
मग मी पाना घेते.

केणी मॅडमनी पहिल्या दिवशी समजावलं,
आतून जी काळी भुकटी निघते तीच आपली खाण.
निकेल, कोबाल्ट, आणि लिथियम.
लिथियम धातूंत सगळ्यात हलकं, म्हणाल्या, पाण्यावर तरंगतं.
मी काही बोलले नाही.
हा शब्द आमच्या घरात सहा वर्षं राहतोय,
फ्रीजवरच्या स्टीलच्या डब्यात,
सकाळी एक, रात्री दोन, जेवणानंतर.

यंकू तेव्हा तीन रात्री झोपला नव्हता.
कळवा नाक्यावर उभा राहून
येणाऱ्या-जाणाऱ्याला पारसिकचा डोंगर विकत होता,
फुटाला अकरा रुपये.
लोक हसले. एकाने तर घासाघीस केली.
आई हसली नाही.
तिची नि अप्पांची सगळी उमेद त्याच डोंगराच्या पोटात गेली,
सुतकी, पहार, सुरुंगाआधीची शिट्टी.
त्या खडीवर वाशी उभी आहे की बेलापूर,
तिला कुणी सांगितलं नाही.

मनोरुग्णालयातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,
गोळी चुकवू नका, पाणी भरपूर प्या,
आणि मीठ सोडू नका,
मीठ घटलं की रक्तात हे चढतं.
दर तीन महिन्यांनी नळीभर रक्त.
पॉइंट सात आलं की आई शिरा करते.
एक पॉइंट सहाला त्याचे हात असे थरथरले
की बशीत कप वाजत राहिला.
एवढ्याशा फरकात
माझा भाऊ राहतो.

काल टीव्हीवर सांगत होते,
आपल्याच देशात सापडलंय, उत्तरेला, डोंगरात,
आता बाहेरून आणायला नको, गाड्या स्वस्त होतील.
यंकूने जेवता जेवता विचारलं,
मग गोळी पण होईल का गं स्वस्त?
म्हटलं, तुझी गोळी फुकटच मिळते की, येड्या.
आणि जीभ चावली.
तो हसला. इतका की ठसका लागला.

आईचा हात भाकरीवर थांबला होता.
"राहतं कोण तिथं?"
कुठं?
"त्या डोंगरावर."
तोवर जाहिरात लागली होती.
पांढरी गाडी, घाटातून, आवाज न करता.
"कोण तरी राहत आसंल," ती म्हणाली,
आणि भाकरी उलटली.

मला सांगायचं होतं, आई,
माझ्या खाणीला डोंगर लागत नाही.
पण केणी मॅडमच म्हणतात,
अजून पुरेशा मेलेल्या नाहीत आपल्याकडे,
यायला दहा वर्षं लागतील.
तोवर डोंगरच.

आज टाकीत मीठ ओतताना गोणीवरचं वाचलं,
"खाण्यासाठी नाही."
तेवढ्यात यंकूचा फोन.
रिपोर्ट आला, ताई, पॉइंट आठ.
येताना रवा आण.
आणि घरातलं मीठ संपलंय.