गोष्ठबाबूंचा क्ष

श्रीरामपूरच्या बाजारगल्लीत, मोहरीच्या घाण्याला लागून
गोष्ठबिहारी सरखेलांचा छापखाना होता.
यंत्र एक. पायाने चाले, मनाने थांबे.
खिळ्यांच्या दोन पेट्या, आणि दोन्हींत मिळून
'क्ष' एकच.
म्हणून एका अंकात एकालाच क्षमा मिळायची;
दुसऱ्याने पुढच्या बुधवारपर्यंत कळ काढायची.
शिक्षकांची परीक्षा तर कधी निघालीच नाही.

पत्राचं नाव 'चिमटी'. किंमत एक पैसा.
मिठाची की गालाची, ते ज्याने त्याने ठरवावं.
गोष्ठबाबू स्वतः लिहीत, स्वतः ओरडून विकत
फेरीघाटावर, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून.
कोर्टातले वकील पैसा देण्याआधी पान उलटून बघत,
आज आपण नाही ना?
नसले की थोडे हिरमुसत.

मी बारा वर्षांचा. खिळे जुळवायचो, उलटं वाचायचो.
ते म्हणत, 'तारापद, जगही असंच वाच,
शाई लागायच्या आत.'

नळाचं उद्घाटन झालं तेव्हा छापलं होतं:

    नळ नवा, फीत नवी, भाषण झाले तासभर;
    पाणी तेवढे जुनेच आहे, नदीत बसले आजवर.

गावाने ते तोंडपाठ केलं. सभापतींच्या नातवानेही,
सभापतींच्या पुढ्यात, जेवताना.
महिन्याभरात पाणी आलं. नळ मात्र उचलून बसवला
बरोबर आमच्या दारापुढे, मुद्दाम,
रात्रंदिवस ठिबकणारा.
गोष्ठबाबू त्या ठेक्यावर मात्रा मोजायचे.

यमक अडलं की स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत.
आतून, माशाचे खवले काढता काढता,
उत्तर येई. ते त्यांच्यापेक्षा बोचरं असे.
तिचं नाव क्षीरोदा.
'ते छापायचं म्हणजे,' गोष्ठबाबू म्हणत,
'त्या आठवड्यात कुणालाच माफी नाही.'
ती म्हणे, 'ठेवा तो खिळा. लागेल.'

मग बंगाली तेराशे पन्नास साल आलं.
बायका दारोदार भात नव्हे, भाताची पेज मागू लागल्या,
मग तेही मागेनाशा झाल्या.
सरकारी कागदात शब्द होता 'टंचाई'.
गोष्ठबाबू तीन बुधवार यमक शोधत बसले.
क्षीरोदा आतून काही बोलली नाही.
चौथ्या बुधवारी त्यांनी तांदळाचे आडते द्विजपद साहा
यांच्या मुलीच्या लग्नातली पदार्थांची यादी छापली,
जशीच्या तशी, सत्तावीस पदार्थ, एकाखाली एक,
कुठे यमक नाही,
आणि वर एकच मथळा: दुर्भिक्ष.

साहांनी सगळे अंक विकत घेतले. चारशे.
'चिमटी' पहिल्यांदाच पुरती खपली.
आलेल्या सहा रुपये चार आण्यांत एक हंडा खिचडी झाली.
दुसरा हंडा नुसता पाण्याचा, त्याच नळाच्या.
रांग तरीही दोन्हींपुढे होती.

संध्याकाळी दारोगा आले. अंक एकही नव्हता,
पुरावा म्हणून काय नेणार?
पेटीत बोट फिरवून त्यांनी 'क्ष' उचलला,
रुमालात बांधला, रीतसर पावती दिली.

त्यानंतर 'चिमटी' आठ वर्षं निघाली,
कुणालाही क्षमा न करता.

क्षीरोदा गेली त्या बुधवारी नाव त्यांनी स्वतः जुळवलं,
मला हात लावू दिला नाही.
पहिल्या अक्षराच्या जागी टाकला पावतीचा नंबर,
अठ्ठेचाळीस.
लोकांना वाटलं, वय.

काल गोष्ठबाबू गेले. बातमी मी जुळवली.
गोष्ठबिहारी सरखेल. आधी उलटं वाचलं,
मग शाई लावून सरळ.
यात क्ष कुठेच नाही.
अंक वेळेवर निघाला.