डावीकडचा बोल्ट

ये मियु, अशी वाक गाडीच्या मागे.
आधी गावाचं नाव वाच: आकिता.
शेजारचा आकडा पाचानं सुरू झाला तर गाडी आटोपशीर,
तिनानं झाला तर ऐसपैस.
हिरवी पाटी लोकांना वाहून पोट भरणाऱ्यांची.
पिवळी चिमुकल्या गाड्यांची, त्यांचा कारभार
या खिडकीत नाही.

मग एक अक्षर, एकटंच.
'वा' दिसलं की समज, कुणीतरी भाड्याची गाडी घेऊन हिंडतंय,
कुठे वळायचं ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही,
जरा अंतर ठेव.
'शी' तुला कुठेच सापडणार नाही. उच्चारलं की मरण.
'हे' पण नाही. उच्चारलं की पाद.
हसू नकोस,
सरकारदरबारी दोघांची पत सारखीच.

अंकांना जागा चार.
अंक कमी पडले तर शून्य नाही लावायचं.
ठिपका ठेवायचा.
जागा आहे, माणूस आलेला नाही, एवढंच.

शेवटी बेचाळीस आपण आपणहून देत नाही.
शि, नि: मरायला.
मागून घेतलं तरच.
मागून घेणारा मी एकच पाहिला, तोगाशी,
थडग्यांचे दगड घडवायचा.
म्हणाला, चौथ्या महिन्याची दोन तारीख,
त्या दिवशी आईनं कळा सोसल्या,
आणि मी घाबरू?
शिवाय मागचे लोक फार जवळ येत नाहीत.

ही बघ पत्र्याची टोपी, डाव्या बोल्टावर बसते.
वर एकच अक्षर, आकितामधलं पहिलं,
अर्थ शरद.
सव्वीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांना शरद बसवतोय,
बर्फ गुडघ्याएवढा असला तरी.

मंगळवारी त्याची बायको आली, किनुको,
गाडी कायमची कागदावरून उतरवायला.
कागद सगळे नीट, तांदळाच्या सोसायटीच्या पाकिटात.
विचारलं, एक पाटी घरी नेता येईल?
येईल, म्हटलं, पण भोक पाडून,
चार सेंटिमीटर तरी,
म्हणजे दुसऱ्या गाडीला लावता येत नाही.
कुठे पाडायचं?
कुठेही, म्हटलं.
तिनं बराच वेळ पाटी न्याहाळली,
मग बोट ठेवलं पहिल्या ठिपक्यावर.
इथे, म्हणाली, तसंही काही नव्हतं.

टोपी मोडल्याशिवाय निघत नाही, हे लक्षात ठेव.
स्क्रूड्रायव्हर मधोमध घुसवायचा,
दयामाया नाही.
मोडलेला शरद त्या डब्यात टाकायचा,
घरी न्यायचा नाही, नियम आहे.
माझ्या खिशाकडे कशाला बघतेस?

ही पांढरी गाडी घे आता.
बोल्ट पिळलास? ठेव टोपी.
अक्षर सरळ धर, आडवा शरद चालत नाही,
आणि अंगठ्यानं दाब,
खट्ट वाजेपर्यंत.